तांबे खाणारे पाणी : घरगुती पीसीबीसाठी रसायनाची निवड आणि निगा

(प्रतिनिधी)

रिठद (जि. वाशीम) : विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो स्विच जळाला, की रात्रीच्या विजेची पाळी वाया जाते. रानडुकरांना अडविणारे झटका मशीन ऐन शेंगा भरताना बंद पडले, तर एका रात्रीत धुऱ्याकडची तुरीची तासे आडवी होतात. अशा यंत्रातले कार्ड दुरुस्तीच्या पलीकडे गेले असेल, तर मार्ग दोनच उरतात. शहरातून नवे कार्ड मागवावे आणि चार-आठ दिवस वाट पाहावी, किंवा तांब्याचा पातळ थर असलेला तक्ता आणून कार्ड घरीच तयार करावे. आज परगावच्या कारखान्याला आरेखन पाठविले, तर सुबक पीसीबी घरपोच येतात आणि महागही पडत नाहीत, हे खरे. मात्र ओलिताची पाळी कुरिअरसाठी थांबत नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांचेही तेच. म्हणूनच घरी पीसीबी बनविण्याची कला खेड्यात आणि शहरात अजून टिकून आहे.

घरी पीसीबी बनविणे म्हणजे नको असलेले तांबे रसायनात विरघळवून हवे तेवढेच तक्त्यावर ठेवणे. या क्रियेला एचिंग म्हणतात. आरेखन कसे करावे, लेझर प्रिंटरवरची छपाई इस्त्रीने तांब्यावर कशी उतरवावी, भोके कशी पाडावीत, याविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. रसायनाचा विषय निघाला, की मात्र ‘फेरिक आणा आणि बुडवा’ यापुढे सल्ला जात नाही. काम झाल्यावर ते पाणी कुठे ओतायचे, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न आधी घेतला आहे, कारण रसायनाची निवड त्यावरूनच व्हावी, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

तांबे जाते कुठे?

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या कॉपर क्लॅड तक्त्यावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. केस जितका जाड, त्याच्या साधारण निम्मा. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद तक्त्यावर हे तांबे सुमारे ३.१ ग्रॅम भरते. त्यातले निम्मे विरघळविले, तरी दीड ग्रॅम तांबे डब्यातल्या पाण्यात उतरते. ते नाहीसे होत नाही, केवळ दिसेनासे होते.

अर्धा किलो फेरिक क्लोराइडचे डेळे एक लिटर पाण्यात विरघळविले, तर हिशेबाने त्यात सुमारे ५९ ग्रॅम तांबे मावावे. प्रत्यक्षात निम्मी मजल गाठेपर्यंत द्रावण इतके मंदावते, की ते ‘मेले’ म्हणून टाकून दिले जाते. तोवर त्यात सुमारे ३० ग्रॅम तांबे असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबे स्वीकार्य आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. तीस ग्रॅम तांबे स्वीकार्य मर्यादेत आणण्यासाठी सहा लाख लिटर पाणी लागेल. सहा मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी असते. म्हणजे एका डब्यातले पाणी अशा चार विहिरींना पुरून उरते. सवलतीची मर्यादा धरली, तरी वीस हजार लिटर पाणी हवेच.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. जमिनीवर ओतलेले तांबे दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरत नाही. आपल्याकडची काळी, चुनखडीयुक्त माती तांबे घट्ट धरून ठेवते. पण धरून ठेवते म्हणजे ते तिथेच राहते. दर महिन्याला त्याच कोपऱ्यात डबा रिकामा केला, तर तिथल्या मातीतले जिवाणू आणि गांडुळे त्याचा परिणाम भोगतात. नाल्यात ओतले, तर मासे आणि गोगलगायी, कारण पाण्यातल्या जिवांना तांबे अगदी अल्प प्रमाणातही बाधते. रिसोड तालुक्यातून पैनगंगा वाहते आणि नाल्यांचे पाणी शेवटी नदीलाच मिळते, हे इथल्या रहिवाशांना निराळे सांगायला नको. शहरातल्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे तर गटार आहे. त्या गटाराच्या टोकाला सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू असतात आणि तांबे त्यांनाही मारते. गटारात वा नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी देशात तांब्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे.

यावरून पहिली शहाणपणाची गोष्ट रसायनाची नसून आरेखनाची ठरते. दोन ट्रॅकच्या मधली मोकळी जागा रिकामी न सोडता तिथले तांबे तसेच ठेवावे आणि ते ग्राउंडला जोडून द्यावे. विरघळवायचे तांबे निम्म्याहून कमी होते, द्रावण दुप्पट दिवस चालते आणि कार्डातला विद्युत गोंगाटही घटतो.

छापखान्यातून आलेली विद्या

धातू आम्लाने खोदण्याची ही रीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी शोधलेली नाही. ऑफसेट छपाई येण्यापूर्वी वृत्तपत्रांतली छायाचित्रे ब्लॉकवरून छापली जात. जस्ताचे ब्लॉक नायट्रिक आम्लात खोदले जात, तर बारीक ठिपक्यांचे तांब्याचे हाफटोन ब्लॉक फेरिक क्लोराइडमध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्यात ब्लॉक आणि छपाईचाच व्यवसाय केला होता. मूळचे व्हिएन्नाचे अभियंते पॉल आइस्लर यांनी १९३६ मध्ये लंडनमध्ये छापील परिपथाचा रेडिओ बनविला, त्यामागेही छापखान्याचीच प्रेरणा होती. आज पीसीबीवाले ज्या तक्रारी करतात, गाळ, कडा पोखरल्या जाणे, द्रावण मंदावणे, त्या साऱ्या ब्लॉकवाल्यांनी आधीच केल्या आहेत.

फेरिक : ओळखीचा गडी

फेरिक क्लोराइड पिवळसर-तपकिरी डेळ्यांच्या, काळसर भुकटीच्या किंवा तयार द्रावणाच्या रूपात मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते सुटे विकले जाते. इतरत्र प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे चौकशी करावी. डेळ्यांमध्ये मुळातच पाणी असते, ते कोमट पाण्यात शांतपणे विरघळतात. काळी भुकटी मात्र निर्जल असते. ती पाण्यात पडताच पाणी तापते आणि नाकाला झोंबणारी वाफ निघते. त्यामुळे थंड पाण्यात चिमूट चिमूट भुकटी सोडावी. भुकटीवर पाणी ओतणे हा अपघाताचा हमखास मार्ग होय.

भांडे प्लॅस्टिकचे किंवा काचेचे घ्यावे. स्टीलचे नको. स्टेनलेस स्टील गंजत नाही, या समजुतीवर विसंबून प्रस्तुत प्रतिनिधीने शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी आईची स्टीलची वाटी वापरली होती. सकाळी वाटीच्या बुडाला टाचणीएवढी भोके पडलेली होती आणि सारे फेरिक फरशीवर. फरशीवरचा तो पिवळा डाग घर विकेपर्यंत तसाच होता. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर प्रतिक्रिया याहून जोरात होते, भांडे तापते आणि द्रावण उसळते.

नवे द्रावण २५ अंशांवर तांबे खायला वीस-तीस मिनिटे घेते. ४५ अंशांवर हाच वेळ पाच-दहा मिनिटांवर येतो. त्यासाठी डबा गॅसवर ठेवण्याची गरज नाही. गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवला तरी पुरते आणि वैशाखातल्या विदर्भात अंगणातले ऊनही काम भागवते. ५५ अंशांच्या पुढे नेऊ नये. वाफ वाढते आणि पेनने काढलेल्या रेषा उखडू लागतात. डबा सतत हलवत राहणे हे तापमानाइतकेच महत्त्वाचे आहे. तक्ता तांब्याची बाजू खाली करून द्रावणावर तरंगत ठेवला, तर सुटणारा गाळ ट्रॅकमध्ये न बसता तळाशी जातो. घाईत तक्ता पालथा न घालता बुडविला आणि निम्मे तांबे तसेच राहिले, असे अनेकांचे होते. दोष रसायनाला दिला जातो, तो खरे तर गाळाचा असतो.

हा गाळ येतो कुठून? फेरिक क्लोराइड पाण्याशी हळूहळू प्रतिक्रिया करून लोहाचा हायड्रॉक्साइड बनविते. तो गंजासारखा खाली बसतो. द्रावणात थोडे आम्ल असेल, तर ही क्रिया रोखली जाते. लिटरमागे २० ते ३० मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेसे होते. ज्यांना घरात हे आम्ल आणायचे नाही, त्यांच्यासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजेच लिंबूसत्त्व, हा चांगला पर्याय आहे. १९९७ मध्ये एडिंबरा येथील मुद्राचित्रकारांच्या कार्यशाळेत फ्रीडहार्ड कीकेबेन यांनी फेरिकमध्ये सायट्रिक आम्ल मिसळण्याची रीत रूढ केली आणि ती ‘एडिंबरा एच’ म्हणून ओळखली जाते. चार भाग दाट फेरिक द्रावणाला एक भाग लिंबूसत्त्वाचे पाणी (तीन भाग पाण्यात एक भाग लिंबूसत्त्व) असे प्रमाण. गाळ विरघळलेलाच राहतो आणि खोदकाम लवकर होते.

फेरिकची तब्येत रंगावरून कळते. ताजे द्रावण चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे तांबूस-तपकिरी असते. वापराबरोबर ते काळपट, मग शेवाळी हिरवे होत जाते. रंगापेक्षा घड्याळ अधिक खरे बोलते. पहिल्या दिवशी किती मिनिटे लागली, ते डब्यावर लिहून ठेवावे. त्याच तापमानाला तिप्पट वेळ लागू लागला, की द्रावण निवृत्त करावे. मंद द्रावणात तक्ता तासभर ठेवण्याचा हट्ट करू नये. तोवर रसायन शाईच्या खालून बाजूने शिरते आणि बारीक ट्रॅक तुटतात.

परसल्फेट : दिसते ते, पण टिकत नाही

फेरिकच्या काळोखात तक्ता दिसत नाही, ही त्याची जुनी अडचण. सोडियम परसल्फेटचे द्रावण पाण्यासारखे स्वच्छ असते आणि तांबे विरघळू लागले, की निळे होत जाते. लिटरमागे २०० ते २५० ग्रॅम पावडर आणि ४० ते ५० अंश तापमान हवे. थंड द्रावण जवळजवळ कामच करीत नाही. डाग पडत नाहीत, पण कपड्याला नकळत भोके पडतात. तयार द्रावण आपोआप विघटित होते आणि त्यातून प्राणवायू सुटतो, म्हणून बाटलीचे बूच घट्ट लावू नये आणि लागेल तेवढेच बनवावे. अमोनियम परसल्फेटही मिळते, पण ते टाळलेले बरे. त्यातला अमोनिया तांब्याला द्रावणातच धरून ठेवतो, त्यामुळे शेवटी तांबे खाली बसविणे अवघड होऊन बसते.

क्युप्रिक : पाळीव, पण तिखट

दर आठवड्याला कार्ड बनविणाऱ्याने क्युप्रिक क्लोराइडचा विचार करावा. हे विकत आणावे लागत नाही, आपल्याच तांब्यातून तयार होते. दोन भाग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड डब्यात घ्यावे आणि त्यात एक भाग ३० टक्क्यांच्या आसपासचे हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश सोडावे. औषधाच्या दुकानात १० व्हॉल्यूम लिहिलेले पेरॉक्साइड ३ टक्क्यांचे असते आणि २० व्हॉल्यूमचे ६ टक्क्यांचे. दुसरे मिळाले, तर तितकेच पाणी घालून घ्यावे. याहून तीव्र पेरॉक्साइड वापरण्याच्या मोहात पडू नये. मिश्रण तापते आणि विषारी क्लोरिन वायू सुटतो.

पहिल्या काही तक्त्यांत पेरॉक्साइड संपून जाते आणि द्रावण हिरवे होते. यापुढे हे हिरवे क्युप्रिक क्लोराइडच तांबे खाते. खाताना ते स्वतः क्युप्रसमध्ये बदलते आणि रंग काळपट-तपकिरी होतो. हवेतला प्राणवायू मिळाला, की पुन्हा क्युप्रिक. माशांच्या टाकीसाठी मिळणारा छोटा हवापंप लावून रात्रभर बुडबुडे सोडले, तर सकाळी द्रावण पाचूसारखे हिरवे झालेले दिसते. या फेऱ्यात खर्ची पडते ते फक्त आम्ल, विरघळलेल्या दर ग्रॅम तांब्यामागे सुमारे ३ मिलिलिटर. हवा देऊनही द्रावण गढूळ राहिले किंवा तक्त्यावर पांढरी साय धरली, तर आम्ल कमी पडले असे समजावे. अशा रीतीने एकच द्रावण वर्षानुवर्षे चालते. फेरिक संपते, क्युप्रिक वाढत जाते. दरवेळी टाकून द्यायचे पाणी निर्माण होत नाही, ही त्याची खरी किंमत.

मग सर्वांनी तेच का वापरू नये? कारण त्याचा वास. आम्लाची वाफ खोलीभर पसरते आणि आठ दिवसांत पक्कड, ड्रिल, सायकलची साखळी, सारे गंजू लागते. हे काम परसात, आडोशाला, वाऱ्याची दिशा पाहूनच करावे. सदनिकेच्या बाल्कनीत, शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी, मुळीच नाही. नुकतेच पेरॉक्साइड घातलेले मिश्रण बूच लावून ठेवले, तर वायूच्या दाबाने बाटली फुटते. ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करायचे ब्लीच या आम्लाच्या जवळही आणू नये. दोन्ही एकत्र आले, की क्लोरिन.

आम्ल विकत घेण्यावर बंधने आहेत, हेही लक्षात ठेवावे. आम्लहल्ल्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार विक्रेत्याने नोंदवही ठेवणे, खरेदीदाराचे ओळखपत्र पाहणे आणि कारण विचारणे आवश्यक आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकता येत नाही. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना वा पालकांना सोबत न्यावे.

नायट्रिक आम्लाविषयी एकच सांगायचे : घरी नको. तांब्यावर पडताच तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेल्यावर त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते आणि तोवर उशीर झालेला असतो.

मुलांसाठी मवाळ मार्ग

शाळेतल्या एखाद-दुसऱ्या प्रयोगासाठी वरीलपैकी काहीच नको. ३ टक्के पेरॉक्साइड १०० मिलिलिटर, लिंबूसत्त्व ३० ग्रॅम आणि साधे मीठ ५ ग्रॅम एवढे मिश्रण दहा सेंटिमीटर चौरस तक्त्याला पुरते. किराणा आणि औषधाच्या दुकानाबाहेर जावे लागत नाही. तक्त्यावर बुडबुडे येतात, पाणी निळे-हिरवे होते आणि सारे डोळ्यांसमोर घडते. हे मिश्रण साठविता येत नाही, दर खेपेला नवे करावे लागते. मवाळ असले, तरी त्यात उतरलेले तांबे तेवढेच असते आणि चष्मा व हातमोजे इथेही हवेतच.

बाटली कोणती?

ही बाब किरकोळ वाटेल, पण अपघात इथेच घडण्याचा धोका मोठा. फेरिक हुबेहूब कोलासारखे दिसते, क्युप्रिक वाळ्याच्या सरबतासारखे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ही द्रावणे कधीही भरू नयेत, एका रात्रीपुरतीसुद्धा. उन्हातून आलेले मूल बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचत बसत नाही. जाड प्लॅस्टिकचा, रुंद तोंडाचा, पेयाशी साम्य नसलेला डबा घ्यावा. त्यावर रसायनाचे नाव, तारीख आणि ‘विष’ हा शब्द मराठीत लिहावा आणि तो कुलपात ठेवावा. डोळ्यात थेंब उडाला, तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठावा. पोटात गेले, तर उलटी करवू नये. तोंड धुऊन, डबा सोबत घेऊन रुग्णालयात न्यावे.

मेलेल्या द्रावणाचे काय?

वाशीम-अमरावती पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला या प्रश्नाचे निम्मे उत्तर ठाऊक आहे. बोर्डो मिश्रण बनविताना तो मोरचुदाच्या पाण्यात चुना घालतो आणि चकचकीत विळा त्यात बुडवून पाहतो. पाते तांबूस झाले, तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना आणखी हवा. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. आपल्या डब्यातल्या पाण्यावरही हीच परीक्षा चालते.

पहिली पायरी लोखंडाची. लेथवरचा लोखंडी कीस किंवा साधे खिळे मेलेल्या द्रावणात टाकावेत. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी लालसर तांबे भुकटीसारखे खाली बसते. अर्धा किलो फेरिकच्या द्रावणाला हिशेबाने ५० ग्रॅमच्या आसपास लोखंड लागते. दुप्पट टाकावे आणि दोन दिवस अधूनमधून ढवळावे. आम्ल शिल्लक असेल, तर यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून डबा उघडा, उघड्यावर आणि विडी-काडीपासून दूर हवा. नवा, घासून चकचकीत केलेला खिळा दहा मिनिटे ठेवूनही तांबूस झाला नाही, की बरेचसे तांबे निघाले असे समजावे. ‘बरेचसे’ म्हणण्याचे कारण असे, की खिळ्याची परीक्षा लिटरमागे ३ मिलिग्रॅमइतकी बारीक नाही. उरलेले काम दुसऱ्या पायरीचे.

दुसऱ्या पायरीत तांब्याची भुकटी गाळून वेगळी काढावी आणि पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस उसळतो, म्हणून भांडे तिप्पट मोठे घ्यावे. लिटमसऐवजी पीएच पट्टी वापरावी आणि ८ ते ९ वर थांबावे. हिरवट, दह्यासारखा साका तयार होतो आणि हवेशी संपर्क येताच वरून गंजाच्या रंगाचा होत जातो. उरलेसुरले तांबे लोहाच्या या साक्यात अडकून खाली बसते.

चुना स्वस्त आहे, मग सोडा कशाला? याचे कारण उरणाऱ्या क्षारात आहे. चुन्याने कॅल्शियम क्लोराइड उरते. ते हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे कितीही ऊन दिले तरी कधी पुरते वाळत नाही. सोड्याने मुख्यतः साधे मीठ उरते आणि ते वाळते. वाळणे इथे महत्त्वाचे, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते सारे पाणी रुंद प्लॅस्टिकच्या घमेल्यात आटवून टाकता येते. मग ओतायला काहीच उरत नाही. पावसाळ्यात बनविलेली कार्डे आणि त्यांचे पाणी झाकणाच्या डब्यात जमवावे आणि एप्रिलमध्ये एकदाच आटवावे, हा खेडेगावासाठी सर्वांत निर्धोक मार्ग आहे. घमेल्यावर जाळी घालायला विसरू नये. खारट चवीसाठी शेळ्या-मेंढ्या चाटायला येतात आणि मेंढीला तर तांबे फार लवकर बाधते. शहरात, साका नीट बसल्यावर वरचे नितळ पाणी भरपूर पाण्याबरोबर गटारात सोडण्यास हरकत नाही. झाडांना मात्र घालू नये, ते मिठाचे पाणी आहे.

लिंबूसत्त्व घातलेल्या द्रावणाच्या बाबतीत लोखंडाची पायरी चुकवून चालणार नाही. सायट्रिक आम्ल तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे नुसत्या सोड्याने ते पुरते खाली बसत नाही. ‘निरुपद्रवी’ म्हणून मुलांच्या हाती दिलेले मिश्रण टाकताना अधिक जिकिरीचे ठरते, ही त्यातली गंमत.

अर्धा किलो फेरिकमागे शेवटी सुमारे ३०० ग्रॅम सुका लोहाचा साका हाती राहतो. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत, पण ती कारखान्यांसाठी. एकट्यादुकट्याची बरणी तिथे कोणी घेणार नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेचा कचरा अशा केंद्राकडे जात असेल, तर त्यांच्याकडे विनंती करून पाहावी. महापालिका घरगुती घातक कचरा वेगळा घेत असेल, तर त्यात द्यावा. दोन्ही नसेल, तर बरणीला चिठ्ठी लावून ती कोरड्या जागी ठेवावी. सुक्या साक्यातले तांबे कुठे वाहून जात नाही आणि वर्षभर काम करूनही एका बरणीपलीकडे मजल जाणे कठीण. गाळून काढलेली तांब्याची भुकटी धुऊन, वाळवून निराळी साठवावी.

राहता राहिले तक्ता धुतलेले पाणी. द्रावणातून काढलेला तक्ता थेट नळाखाली धरण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि त्यातून बरेच तांबे मोरीत जाते. तक्ता आधी डब्यावर उभा धरून निथळू द्यावा, मग वाटीभर पाण्यात बुचकळावा आणि त्यानंतरच नळाखाली न्यावा. वाटीतले ते पाणी फेकू नये. उन्हाने द्रावण आटते, तेव्हा साध्या पाण्याऐवजी तेच परत डब्यात घालता येते.